दामोदर हॉल पाडा किंवा बांधा, पण बहिष्कृत हितकारिणी सभेची जागा पुसू नका

वेल्हे तालुक्यातल्या (आता त्याला राजगड म्हणायचे) एका वाडीवर गेल्या वर्षी विहाराचे नूतनीकरण झाले. आम्ही विंझरची पाच-सहा पोरे त्या कामात होतो. जुन्या समाजमंदिरासमोर दगडमातीचा एक कट्टा होता. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, उन्हाळ्यात पोरे पत्ते कुटायची. नवीन आराखड्यात पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी कमान आली, कट्टा अडचणीचा ठरला. आम्ही सर्वांनी हात वर करून ठराव केला आणि एका सकाळी जेसीबीने तो कट्टा अर्ध्या तासात उचलला.

दुपारी वाडीतले आबा आले. वय ऐंशीच्या पुढे, परळच्या गिरणीत उमेद गेलेली, ब्याऐंशीच्या संपानंतर गावी परतलेले. रिकाम्या जागेकडे बघत ते म्हणाले, "पोरांनो, ह्या कट्ट्यावर जलसा व्हायचा. मुंबईच्या मंडळानं वर्गणी काढून बांधला हुता त्यो. इचारायचं तरी."

आम्ही विचारले नव्हते. कुणी मुद्दाम इतिहास पुसला नव्हता, कुणा जातीयवाद्याने कट केला नव्हता. आम्हीच, निळ्या झेंड्याखाली उभे राहून, आपल्याच लोकांनी आपल्याच घामाच्या पैशाने बांधलेला रंगमंच पाडला होता. त्यावर आबांनी दुसरा प्रश्न टाकला, "आन् परळचा दामोदर हॉल बी पाडायचा म्हंत्यात. तितं बाबासाहेबांचं हापिस हुतं, ठावं हाय का?"

आमच्यातल्या फक्त एकाला माहीत होते. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहोत.

दामोदर म्हणजे काय

मुंबईच्या परळ भागात १९२२ साली उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह शंभर वर्षे कामगारांचे नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. ते सोशल सर्व्हिस लीग या संस्थेचे. लीगची स्थापना १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी केली. हेच ना. म. जोशी पुढे १९२० साली आयटक या देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या स्थापनेत होते आणि गोलमेज परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. लीगचे काम गिरणगावात होते : रात्रशाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या, कामगारांच्या करमणुकीची सोय. त्याच कामाचा एक भाग म्हणून हे सभागृह होते.

दक्षिण मुंबईतल्या नाटकाच्या थेटरात जाणे गिरणी कामगाराला परवडत नव्हते आणि तिथल्या झगमगाटात त्याला शिरावेसेही वाटत नसे. दामोदर चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पाळी सुटली की माणूस तिथे पोचायचा. कोकणातल्या माणसांचे नमन आणि जाखडी, हौशी मंडळांची नाटके, कामगार रंगभूमीचे प्रयोग, गावोगावच्या मुंबईकर मंडळांचे वार्षिक कार्यक्रम हे सगळे त्या रंगमंचावर झाले. ज्यांना मोठी नाट्यगृहे तारीख देत नव्हती त्यांना दामोदर तारीख द्यायचे. म्हणून मराठी रंगभूमीच्या इतिहासात दामोदरचे नाव मोठ्या नटांमुळे जितके आहे, त्याहून जास्त ते बिननावाच्या नटांमुळे आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी या नाट्यगृहाचा पडदा पडला. संस्थेची शाळा तिथेच आहे, शाळेला जागा हवी, इमारत जुनी झाली, म्हणून सगळा भूखंड नव्याने बांधायचा, अशी भूमिका होती. रंगकर्मींनी विरोध केला. जुन्या जागी नाट्यगृह राहणार का, खुर्च्या किती कमी होणार, भाडे कुणाला परवडणार, हे प्रश्न त्यांनी विचारले. आंदोलन झाले, नाट्य परिषद उतरली, प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. हे प्रश्न रास्तच होते. या लढ्यात आम्ही रंगकर्मींच्या बाजूने आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

पण त्या सगळ्या चर्चेत आमच्या कानावर दोनच शब्द प्रामुख्याने आले : नाटक आणि शाळा. तिसरा शब्द ऐकण्यासाठी आम्हाला वेल्ह्यातल्या वाडीवरच्या एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराकडे जावे लागले.

९ मार्च १९२४

या तारखेला दामोदर हॉलमध्ये एक बैठक झाली. बोलावणारे होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. वय तेहतीसही पूर्ण नव्हते. वर्षभरापूर्वीच ते लंडनहून परतले होते. बैठकीपुढचा विषय : अस्पृश्य समाजाच्या अडचणी दूर करण्यासाठी आणि त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी एखादी मध्यवर्ती संस्था स्थापन करावी की नाही. त्या बैठकीतून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. सभेचे कार्यालय याच दामोदर हॉलमध्ये होते. बाबासाहेबांचे स्वतःचे कार्यालयही इथेच. राजगृह उभे राहीपर्यंत, म्हणजे चळवळीची अत्यंत कळीची वर्षे, बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होते आणि सार्वजनिक काम दामोदर हॉलमधून चालवत होते.

आज ज्याला आपण आंबेडकरी चळवळ म्हणतो, तिची पहिली औपचारिक संघटना या वास्तूत स्थापन झाली. 'मूकनायक' त्याआधीचा, १९२० चा. माणगावची परिषद आणि नागपूरची परिषदही १९२० च्याच. पण वृत्तपत्र बंद पडते, परिषद दोन दिवसांत संपते. नोंदणी केलेली, कार्यकारी मंडळ असलेली, हिशेब ठेवणारी, अहवाल छापणारी संघटना ही वेगळीच गोष्ट असते. ती पहिल्यांदा इथे उभी राहिली.

सभेची रचना आजच्या कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावी अशी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर र. पु. परांजपे, बाळ गंगाधर खेर अशी नावे. हे वाचून काही तरुण मित्र नाक मुरडतात : सगळे वरच्या जातीतले आणि धनिक, मग ही आपली संस्था कशी? उत्तर कार्यकारी मंडळात आहे. कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. सहानुभूती बाहेरून घ्यायची, पैसा आणि वजनदार नावेही बाहेरून घ्यायची, पण निर्णय बहिष्कृतांच्या हातात ठेवायचा, असे हे गणित होते. हे गणित लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ते पुन्हा लागेल.

सभेने काम काय केले? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांचे राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपयांचे अनुदान दिले. त्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले आणि महार तरुणांचा हॉकी क्लब काढला.

हॉकी क्लब! ही नोंद आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबून पुन्हा वाचली. सभेच्या उद्दिष्टांत शिक्षणाबरोबर संस्कृतीचा प्रसार होता : वाचनालये, सामाजिक केंद्रे, अभ्यासवर्ग. पोटाला भाकरी नसलेल्या समाजापुढे बाबासाहेब वाचनालय आणि हॉकी ठेवत होते. माणूस फक्त पोटासाठी जगत नाही, त्याला खेळायला मैदान, वाचायला दिवा आणि जमायला छप्पर लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सभेचे कार्यालय एका नाट्यगृहाच्या छपराखाली होते ही गोष्ट म्हणूनच आम्हाला शोभून दिसते.

जागा मिळणे ही साधी गोष्ट नव्हती

"कार्यालय तर कुठेही असते, त्यात काय एवढे?" असे आम्हाला एका मित्राने विचारले. हा प्रश्न ज्याला भाड्याच्या घरासाठी आडनाव बदलून सांगावे लागलेले नाही, तोच विचारू शकतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला जागेचा प्रश्न आठवा. साताऱ्याच्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यायचे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला घर नाही. पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस बडोद्यातल्या एका बागेत बसून रडला. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तर प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठावरून कुरकुर. ज्या माणसाला खोली, माठ, बाक या तिन्ही ठिकाणी जात आडवी आली, त्याला १९२४ मध्ये मुंबईच्या मध्यावर एका सार्वजनिक इमारतीत टेबल-खुर्ची मिळते आणि तिथे त्याच्याकडे खेड्यापाड्यातून आलेली, धोतराला गाठी मारलेली माणसे सरळ चढून येऊ शकतात, याचा अर्थ काय होतो ते समजून घ्या.

त्याच परळमध्ये, हाकेच्या अंतरावरच्या गिरण्यांत काय चालले होते? अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, थुंकीचा विटाळ होईल, म्हणून सवर्ण कामगारांचाच विरोध. विणकाम खात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळाच्या नावाखाली पगाराचाही प्रश्न होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. कामगार एकजुटीच्या बालेकिल्ल्यात पाण्याचे माठ वेगळे होते. अशा परळमध्ये दामोदर हॉलची पायरी सर्वांसाठी एक होती.

ती पायरी आपोआप एक झाली नव्हती. सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम करणारी काही माणसे बाबासाहेबांच्या जवळ आली. त्यात अनंत विनायक चित्रे होते, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. १९ आणि २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह चित्र्यांच्या धावपळीशिवाय सांगता येत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळण्याचा ठराव जन्माने ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्ध्यांनी मांडला. बहिष्कृतांची स्वतंत्र संघटना आणि जात सोडायला तयार असलेले सवर्ण कार्यकर्ते यांची गाठ परळच्या या आवारात पडली. महाडच्या तळ्याला जाणारी एक वाट परळमधून निघते, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

१४ जून १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा विसर्जित झाली आणि तिच्या कामाचा शैक्षणिक भाग नव्या शिक्षण संस्थेकडे गेला. त्या धाग्याला धरून पुढे चला : वसतिगृहे, मग १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. मिलिंदच्या आवारात बाबासाहेबांच्या सांगण्यावरून प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, ते रंगमंचावर आले आणि दलित रंगभूमीचा आरंभ अनेक अभ्यासक तिथे धरतात. नाट्यगृहातल्या कार्यालयात सुरू झालेले शिक्षणाचे काम महाविद्यालयात पोचले आणि महाविद्यालयाने पुन्हा नाटक दिले. आमच्या चळवळीत शाळा आणि रंगमंच कधीच एकमेकांच्या विरोधात नव्हते. आज दामोदरच्या निमित्ताने "शाळा की नाट्यगृह" असा सवाल टाकला जातो, तो सवालच आम्हाला मान्य नाही.

कुणाच्या भिंती जपल्या जातात

आता थोडे इकडेतिकडे पाहू.

मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधले दीक्षान्त सभागृह घ्या. १८७४ साली ते बांधून पूर्ण झाले. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा, तो कधी भारतात आलाही नाही. देणगी सर कावसजी जहांगीर यांची, म्हणून नाव त्यांचे. रंगीत काचांची भव्य गोल खिडकी, गॉथिक कमानी. या शतकाच्या पहिल्या दशकात तज्ज्ञांकडून त्याचे काळजीपूर्वक जतन झाले, काचेचा तुकडा न् तुकडा तपासला गेला. उत्तम झाले. ते आपलेही विद्यापीठ आहे, बाबासाहेबांची बी.ए. त्याच विद्यापीठाची. पण त्या सभागृहाचे मूल्य सिद्ध करायला कुणाला आंदोलन करावे लागले नाही. दगड कोरीव होता, देणगीदार 'सर' होता, वास्तुविशारद विलायती होता. वारसा म्हणजे काय, हे ठरवणाऱ्या डोळ्यांना ते लगेच दिसले.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते उभे केले, शेजारी खासबागचे कुस्ती मैदान. राजवाड्याबाहेर, रयतेसाठी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळाले. सारे कोल्हापूर रस्त्यावर आले, माणसे ढसाढसा रडली. होते तसेच पुन्हा बांधू, असे सरकारला तातडीने जाहीर करावे लागले. का? कारण कोल्हापुरातल्या रिक्षावाल्यापासून नटापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होते की ही शाहू महाराजांची वास्तू आहे. माहिती होती म्हणून माया होती, माया होती म्हणून दबाव उभा राहिला.

आणि तिसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. तिथे हार्लेमच्या उत्तरेला १९१२ साली ऑडुबॉन बॉलरूम नावाची नाटक-नाचगाण्याची इमारत उभी राहिली. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी तिथल्या सभागृहात भाषणाला उभ्या असलेल्या मॅल्कम एक्स यांना गोळ्या घालून ठार केले गेले. पुढे ही इमारत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधन संकुलाच्या आराखड्यात आली आणि पाडली जाणार होती. होय, तेच कोलंबिया, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. काळ्या समाजातल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला. विद्यापीठ म्हणत होते : आम्ही रोगांवर औषधे शोधणार, रोजगार आणणार, पडकी इमारत कशाला हवी? अखेर तडजोड झाली. संशोधनाची इमारत झाली, पण जुन्या इमारतीचा दर्शनी भाग आणि सभागृहाचा काही भाग वाचवून दुरुस्त केला गेला. २००५ साली तिथे मॅल्कम एक्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. बेटी शबाझ यांच्या नावाने स्मृती व शिक्षण केंद्र सुरू झाले. विद्यापीठाला प्रयोगशाळा मिळाली आणि समाजाला आपली जागाही राहिली. पूर्ण विजय नव्हता, पण पूर्ण पुसणेही झाले नाही.

आम्ही समाजशास्त्र शिकताना मोरीस हाल्बवाक्स या फ्रेंच अभ्यासकाचे वाचन केले. नाझी छळछावणीत ज्यांचा अंत झाला, त्या हाल्बवाक्सचे म्हणणे थोडक्यात असे : स्मृती एकट्या माणसाच्या डोक्यात टिकत नाही, ती गटाची असते, आणि गटाची स्मृती जागेला धरून राहते. जागा हलली की आठवण सैल होते. पुस्तकात हे वाचले तेव्हा परीक्षेपुरते कळले. वाडीवर कट्टा गेल्यावर ते खरे कळले. कट्टा होता तोवर आबांना कुणी विचारले नाही तरी तिथे बसल्यावर जलशाची गोष्ट निघायची. आता ती गोष्ट सांगायला निमित्तच उरले नाही.

आक्षेप आणि उत्तर

आपल्याच लोकांचे तीन आक्षेप आम्हाला ऐकायला मिळतात. ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

पहिला : आपण बौद्ध, सर्व काही अनित्य आहे, विटा-दगडांना कशाला कवटाळायचे? मित्रांनो, अनित्यता म्हणजे बेपर्वाई नव्हे. नालंदा ढासळली हे अनित्य. पण तिचे अवशेष मातीखाली सापडले म्हणूनच आपण छाती पुढे काढून बौद्ध भारताचा इतिहास सांगू शकलो. विटा बोलल्या नसत्या तर आपल्याला तो इतिहासच नव्हता, असे सांगायला अनेक जण तयार बसले होते. शिवाय जुनी इमारत धोकादायक असेल तर ती जशीच्या तशी ठेवा, असा आमचा हट्ट नाही. माणसाच्या डोक्यावर पडणारे छप्पर उतरवलेच पाहिजे. छप्पर उतरवताना नाव पुसायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा : बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले, मग शाळा मोठी होत असेल तर आंबेडकरवाद्यांनी नाट्यगृहासाठी का भांडावे? शाळेच्या विरोधात आम्ही एक अक्षर बोलत नाही. पण नाट्यगृह हेही शिक्षणाचेच घर आहे. निरक्षर समाजापर्यंत बाबासाहेबांचा विचार कुणी पोचवला? भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी, ढोलकी-तुणतुण्यावर. त्या कलावंतांच्या वाट्याला बंदिस्त नाट्यगृह क्वचितच आले; चाळीचा चौक, मैदान, गावकुसाबाहेरचा कट्टा हेच त्यांचे रंगमंच. म्हणून कष्टकऱ्यांना परवडणारे नाट्यगृह नाहीसे होणे ही आपल्याही नुकसानीची गोष्ट आहे. तिथे तारीख मिळाली नाही तर उद्याचा जलसाकार कुठे उभा राहणार? मॉलमध्ये?

तिसरा आक्षेप जास्त टोकदार : दामोदर हॉल आपल्या मालकीचा नव्हता, आपण भाडेकरू होतो, हक्क कसला सांगता? या आक्षेपावर आम्ही बराच विचार केला. आपल्या मालकीच्या जागांचे आपण काय केले ते आधी आठवू. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना त्यात गेला. पुनर्विकासाच्या प्रश्नावर ट्रस्ट आणि आंबेडकर कुटुंबीय यांच्यात वाद होता. पुढच्या महिन्यात मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. तो संताप खरा होता, आम्हीही विंझरहून त्यात गेलो होतो. पण संताप इमारत पडल्यावर आला. त्याआधी वर्षानुवर्षे त्या छापखान्याची यंत्रे, कागद, जुने अंक कसे आहेत, हे पाहायला आपल्यातले किती जण गेले होते? मालकी असूनही स्मृती जपता येत नाही, हे तिथे दिसले. मग मालकी नसताना स्मृती सांगूच नये, असे कसे म्हणता येईल? चवदार तळे तरी कुठे आपल्या मालकीचे होते? महाड नगरपालिकेचे होते. सार्वजनिक जागेवर सर्वांचा हक्क, हाच तर १९२३ च्या बोले ठरावाचा आणि १९२७ च्या लढ्याचा गाभा होता. शंभर वर्षे सार्वजनिक कामासाठी वापरलेल्या सभागृहाच्या इतिहासावर त्याच न्यायाने आपला हक्क आहे.

आम्हाला काय हवे

घोषणा देऊन थांबायचे नाही, म्हणून मागण्या मोजक्या आणि करता येण्याजोग्या ठेवतो.

एक. परळच्या त्या आवारात जे काही नवे बांधले जाईल, त्याच्या दर्शनी जागी ठळक शिलालेख असावा : ९ मार्च १९२४ ची बैठक, बहिष्कृत हितकारिणी सभा, बाबासाहेबांचे कार्यालय. मराठीत, साध्या भाषेत, शाळकरी पोराला वाचता येईल असा. त्यावर शिवतरकर आणि जाधव यांचीही नावे हवीत. इतिहास एकट्या महापुरुषाचा नसतो, चिटणीस आणि खजिनदाराचाही असतो.

दोन. नव्या इमारतीत एक खोली सभेच्या इतिहासासाठी आणि कामगार रंगभूमीच्या इतिहासासाठी असावी. सभेचे छापील अहवाल, त्या काळची वृत्तपत्रे, नाटकांच्या जाहिराती, मंडळांचे फोटो. एका खोलीत दोन्ही राहू शकतात, कारण ते एका आवारातच घडले.

तीन. नाट्यगृहाची आसने आणि भाडे अशी ठेवावीत की नमन मंडळ, जलसा मंडळ, कामगार वस्तीतली हौशी संस्था यांना ते परवडेल. भाडे परवडले नाही तर शिलालेख कितीही मोठा लावा, ते आमचे दामोदर राहणार नाही.

चार. हे सगळे ठरवणाऱ्या समितीत संस्थेचे लोक असोत, वास्तुविशारद असोत, शासन असो. पण कामगार वस्तीतले, रंगकर्मी आणि आंबेडकरी अभ्यासक यांचा आवाज निर्णयात असावा, केवळ सत्काराच्या खुर्चीत नको. सेटलवाडांना अध्यक्ष करून निर्णय स्वतःच्या हातात ठेवण्याचे १९२४ चे गणित ते हेच.

आणि पाचवी मागणी संस्थेकडे नाही, सरकारकडेही नाही, आपल्याकडे आहे. तुमच्या गावच्या विहाराचे, समाजमंदिराचे, वसतिगृहाचे काम निघाले असेल तर जेसीबी येण्याआधी तीन कामे करा. जुन्या वास्तूचे चारही बाजूंनी फोटो काढा. वर्गणीदारांच्या नावांची पाटी, पायाचा दगड, जुनी वही जे असेल ते बाजूला काढून नव्या भिंतीत बसवा किंवा जपून ठेवा. आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आणि बाप्याला विचारा, "इथं काय व्हायचं?" मोबाईलवर ते बोलणे टिपून ठेवा. याला निधी लागत नाही, आमदाराचे पत्र लागत नाही, एक दुपार लागते.

आम्ही ती दुपार दिली नाही. आता त्या वाडीवर आबांच्या सांगण्यावरून कट्ट्याची जागा चुन्याने आखून घेतली आहे. पेव्हर ब्लॉक काढून तिथे पुन्हा दगडी कट्टा बांधायचा ठराव झाला आहे. कट्ट्याच्या कडेला मुंबईच्या मंडळातल्या ज्या वर्गणीदारांची नावे आबांना आठवतात, ती कोरायची आहेत. आतापर्यंत अकरा नावे मिळाली. बाकीची शोधायला आम्ही पुढच्या महिन्यात नायगाव आणि परळच्या चाळींत जाणार आहोत, आणि त्याच फेरीत दामोदरच्या दारापर्यंतही जाणार आहोत.

ज्यांचे आजे-पणजे गिरणीत, गोदीत, बीडीडी चाळीत होते, त्यांनी सोबत यावे. घरातल्या जुन्या पेटीत एखादी पावती, एखादा फोटो असेल तर घेऊन यावे.

जयभीम!